'पंच' : स्पेलिंग एक, शब्द किती?

अक्षरवेल्हाळ

काल लेकीचा गृहपाठ तपासत होते. पाचवीत आहे, मराठी माध्यम. वाक्य होतं, 'द कंडक्टर पंच्ड माय तिकीट'. तिने भाषांतर केलं होतं, 'कंडक्टरने माझ्या तिकिटाला बुक्की मारली.' तिची चूक म्हणवेना. शाळेच्या छोट्या कोशात पहिला अर्थ तोच दिलाय.

मग घरातला जाडा कोश काढला आणि दोघी बसलो. त्यात 'पंच' एका ठिकाणी नाहीच. एक, दोन, तीन, चार असे आकडे घालून वेगवेगळ्या नोंदी आहेत. लेकीने विचारलं, "एकाच शब्दाचे अर्थ एकाखाली एक का नाही लिहिले?" कारण ते एका शब्दाचे अर्थ नाहीतच. हे वेगवेगळ्या गावांहून आलेले वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत येऊन त्यांचे उच्चार झिजले आणि स्पेलिंग एक झालं.

मला उमगलं ते असं:

पहिलं घराणं टोचण्याचं. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे, भोसकणे. त्यावरून फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराला शब्द आला, तो इंग्रजीत 'पंचन' झाला आणि तोकडा होऊन 'पंच'. सायकलचं पंक्चर, पेन्सिलीचा पॉइंट, विरामचिन्हांचं पंक्च्युएशन, सगळी याच कुळातली भावंडं. नाकात झोंबणाऱ्या वासाला 'पंजंट' म्हणतात तेही इथलंच. तिकिटाला भोक पाडणारा पंच याच घरातला. बुक्कीसुद्धा इथलीच! आधी टोचणे, मग काठीने ढोसणे, मग मुठीने मारणे असा अर्थ सरकत गेला. अमेरिकेतल्या गुराख्याला 'काउपंचर' म्हणतात, तो गाईंना बुक्क्या मारत नाही, काठीने ढोसून पुढे हाकतो. मधली पायरी त्या शब्दात टिकून राहिली आहे.

दुसरं घराणं पेयाचं. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. आता फळांच्या रसालाही 'फ्रूट पंच' म्हणतात.

तिसरं घराणं 'पंच अँड जुडी' या इंग्रजी बाहुल्यांच्या खेळातल्या नाकाड्या बाहुल्याचं.

माझा प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे. ते पेय म्हणजे आपलं 'पाच', पाच जिनसांचं म्हणून 'पंच', असं लहानपणापासून ऐकत आले. हे खरं आहे की आपल्याला आवडतं म्हणून आपण म्हणतो? जाणकारांनी सांगावं. लेकीच्या वहीत मला खरं ते लिहून द्यायचंय.

---

टर्नर७२

ताई, पेयाचं मला कळत नाही, पण पहिल्या घराण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. भोसरीला टूलरूममध्ये होतो.

आयटीआयला पहिल्या महिन्यात हातात येतो तो सेंटर पंच. टोक ९० अंशांचं. पत्र्यावर स्क्रायबरने दोन रेघा ओढायच्या, त्या छेदतात तिथे पंच आधी तिरका टेकवायचा म्हणजे टोक नेमकं दिसतं, मग सरळ उभा करायचा आणि हातोडीचा एकच ठोका. दुसरा ठोका द्यायचा नाही, खूण सरकते. त्या बारक्या खड्ड्यात ड्रिलचं टोक बसतं. खूण न करता ड्रिल लावलं तर ते गुळगुळीत पत्र्यावर चालायला लागतं आणि जॉब जातो. तुम्ही 'पॉइंट' आणि 'पंच' भावंडं म्हणालात ते वाचून बरं वाटलं. आम्ही रोज तेच करायचो, पंच मारून पॉइंट पाडायचा.

पुढे पत्रा कापणाऱ्या प्रेस टूलवर गेलो. तिथे वरचा नर तो पंच, खालची मादी ती डाय. यातलं एक गणित पोरांच्या डोक्यात बसवायला फार वेळ लागतो. भोक हवं असेल तर नेमकं माप पंचाला द्यायचं, पडलेला तुकडा हवा असेल तर डायला. दोघांत फट ठेवावीच लागते आणि ती फट कोणाच्या अंगावर टाकायची हे यावरून ठरतं.

---

सह्याद्री_एसटी

कंडक्टरचा पंच! पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, हातात चिमट्यासारखा पंच, आणि गर्दीतून येताना तो दांड्यावर वाजवत "बोला, तिकीट" म्हणायचं. दोन्ही बाजूंनी टक टक भोकं पाडून तिकीट हातात. मशीन आलं आणि तो आवाज गेला. आम्ही लहानपणी तिकिटं जमवायचो, त्यातली भोकं नीट गोल असली की जास्त किंमत.

तुमच्या लेकीने तो चिमटा बघितलेलाच नाही, तिला 'बुक्की'शिवाय काय सुचणार?

---

धातुकोश

अक्षरवेल्हाळताई, प्रश्न चांगला विचारलात. पुरावा आहे तेवढाच मांडतो.

हा शब्द पेयाच्या अर्थाने लिहिलेला सगळ्यात आधी सापडतो तो १६३२ सालच्या एका पत्रात. लिहिणारा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. पत्र गेलं पेटापोलीला, म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्यावरच्या निजामपट्टणमला, तिथल्या वखारीतल्या व्यापाऱ्याला. म्हणजे जन्म हिंदुस्थानातल्या इंग्रजांमध्ये, याबद्दल फारसा वाद नाही. १६३८ साली मँडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला, तो 'पालेपुंट्झ' लिहितो. फ्रेंच बर्निये 'बुलपाँज' लिहितो. दोघांनीही इंग्रजांचं 'बोल ओ पंच', म्हणजे पंचचं भांडं, हे एकच शब्द समजून ऐकलं.

'पाच' म्हणणारा साक्षीदार कोण? डॉक्टर जॉन फ्रायर. कंपनीचा वैद्य, १६७२ ते १६८२ या काळात हिंदुस्थान आणि इराणात होता, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं पुस्तक १६९८ला छापलं गेलं. तो म्हणतो की नेरूलला सगळ्यात चांगली अरक, म्हणजे गाळलेली दारू, होते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून 'पाँच' नावाचं अंगातली शक्ती काढून घेणारं पेय करतात. हिंदुस्थानीत त्या शब्दाचा अर्थ पाच, कारण जिनसा पाच. वैद्य असल्याने त्याला लगेच 'दियापेंते' हे ग्रीक नावाचं औषध आठवतं, तेही पाच द्रव्यांचं. मला ही साक्ष मोलाची वाटते. माणूस याच किनाऱ्यावर हिंडत होता, लोकांना विचारत होता.

आता उलट बाजू. दोन अडचणी आहेत.

पहिली, जिनसांची मोजदाद. मँडेल्सलोच्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. चारच. बर्नियेकडे अरक, लिंबाचा रस, पाणी आणि थोडं जायफळ. पुन्हा चार. मुंबई सरकारचा १६९४ सालचा एक हुकूम तर माझा फार आवडता आहे. खाणावळीत पंच प्यायला येणाऱ्याने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपण करावा. ज्या भांड्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल ते खुशाल फोडावं, भांड्याचे किंवा पंचाचे पैसे देऊ नयेत! इथे तर जिनसा तीनच होतात.

दुसरी अडचण उच्चाराची, आणि ही जास्त खोल आहे. आज इंग्रज 'पंच' म्हणतो तो आपल्या 'पंच'सारखा वाटतो. पण १६३२च्या सुमाराला इंग्रजीतला हा स्वर बराचसा 'उ' होता, म्हणजे 'पुंच'. परक्यांनी ऐकून जे लिहिलं त्यातही पुंट्झ, पाँज असे ओठ गोल करणारेच स्वर आहेत. आपल्या 'पाँच'मधला 'आ' किंवा 'पंच'मधला 'अ' तिथे कसा जाऊन बसला, हे समाधानकारक सांगता येत नाही. म्हणून काही कोशकार वर आलेल्या 'पंचन'च्याच नावाच्या एका मोठ्या पिंपाकडे बोट दाखवतात. खलाशी पिंपातली दारू प्यायचे, तिथून नाव आलं असेल. पण तसं लिहिलेलं कुणी दाखवलेलं नाही, तो तर्कच.

माझं मत: पारडं 'पाच'कडे झुकतं. वहीत 'बहुधा' लिहा. तो एक शब्द मुलीला पुढे फार कामाला येईल.

---

सुगरण_सदाशिव

पंचामृतावरून आलं असेल असं नाही का वाटत? दूध, दही, तूप, मध, साखर. पाच गोड-आंबट पदार्थ एका भांड्यात कालवायचे ही कल्पनाच आपली आहे.

---

धातुकोश

सुगरणताई, कल्पना लोभस आहे, पण वखारीतल्या इंग्रजाने पंचामृत पाहून हे पेय केलं असं दाखवणारा एकही कागद नाही. फ्रायर सरळ 'पाच' म्हणतो, पंचामृत म्हणत नाही. शिवाय आपल्याकडे सुट्ट्या आकड्याला पंच म्हणत नाहीत, 'पाच' म्हणतात. 'पंच' येतो तो समासात: पंचवटी, पंचधातू, पंचनामा. फ्रायरने कानाने 'पाँच' टिपलंय, बाजारातला आकडा. देवघरातला शब्द त्याने ऐकलेला दिसत नाही.

'अरक' मात्र तुमच्या स्वयंपाकघरात आहे. अरबीत त्याचा अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब घामासारखा पाझरतो म्हणून. आपण ओव्याचा 'अर्क' म्हणतो तो हाच शब्द.

---

पाम_बीच_रोड

नेरूळ म्हणजे आमचं नवी मुंबईचं? इथे अरक होत होती?

---

मांडवीकाठ

नाही दादा, हे नेरूल गोव्याचं, बारदेशातलं. फ्रायर गोव्याबद्दल लिहितानाच ते सांगतो. मांडवी समुद्राला मिळते त्या बाजूला, रेइश मागूशच्या किल्ल्यापासून जवळ. माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर.

गोव्याची दारू म्हटलं की लोकांना काजूची फेणी आठवते. फ्रायरच्या 'अरक'मागे माडाची सूर, म्हणजे माडी, आहे. माझ्या लहानपणी सूर उतरवणारा रेंदेर यायचा. कमरेला कोयता, पाठीशी दुदिणें. दुदिणें म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं पोकळ भांडं, सूर त्यात उतरवायची. माडाच्या खोडाला खाचा पाडलेल्या असत, त्यात पायाची बोटं रोवत तो भरभर वर जायचा. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधलेली असायची, तिचं टोक पातळ तासायचा आणि खाली उतरायचा. सकाळची ताजी सूर गोड. आजी त्यात इडलीसारखी सान्नां भिजवायची, ती अशी फुगायची की झाकण उचलायची. दुपारपर्यंत तीच सूर आंबट होऊन फसफसायची आणि मग भाटीवर जायची.

इंग्रजांच्या मुंबईत सरकारी हुकुमात 'चांगली गोव्याची अरक' असं नाव घेऊन लिहिलं होतं हे मला आजच कळलं. रेंदेर समाजाने इतकी शतकं जीव धोक्यात घालून हे काम केलं. पंचचा इतिहास लिहिणारे लिंबू आणि साखरेवर पानं भरतात, माडावर चढणाऱ्याला एक ओळ देत नाहीत. आता आमच्या वाड्यावर माडावर चढणारं कुणी उरलं नाही. माड उभे आहेत, पोयी तशाच फुटतात.

---

सातासमुद्रापार

मी इप्स्विचला राहते, इंग्लंडच्या सफोक परगण्यात, त्यामुळे तिसऱ्या घराण्याबद्दल थोडं.

नाकाड्या पंच मूळचा इटलीचा. तिथल्या मुखवट्यांच्या नाटकात 'पुल्चिनेल्ला' नावाचं पात्र असे. नावाचा संबंध कोंबडीच्या पिल्लाशी लावतात, नाकाच्या चोचीमुळे. इंग्लंडमध्ये त्याचा पंचिनेलो झाला आणि मग पंच. सॅम्युएल पेप्स या प्रसिद्ध रोजनिशीकाराने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हा खेळ पाहिल्याचं लिहून ठेवलंय. तिथल्या सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर त्याचा उल्लेख कोरलेला आहे. खेळ दाखवणारा तोंडात दोन छोट्या पट्ट्यांची पिपाणी धरतो आणि तिच्यातून पंचचा तो किरकिरा आवाज काढतो. सोबतच्या बाकी बाहुल्या स्वतःच्या आवाजात बोलतात, एकाच तोंडातून. मी समोर उभं राहून पाहिलंय, पिपाणी जिभेने कधी सरकवतो ते दिसत नाही. इंग्रजीत फार खूश झालेल्या माणसाला 'पंचसारखा खूश' म्हणतात, तो हा पंच.

आता गंमत. आमच्या परगण्याचा एक घोडा आहे, 'सफोक पंच'. तांबूस रंगाचा, आखूड पायांचा, पिंपासारख्या छातीचा. इथल्या चिकणमातीत नांगर ओढायला पोसलेला. आजचे सगळे सफोक पंच १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याचे वंशज. मला वाटायचं, लाथ मारतो म्हणून पंच! पण नाही. पुन्हा पेप्सच. एप्रिल १६६९मध्ये तो लिहितो की एका गरीब घरातल्या लठ्ठ मुलाला त्याचे आईबाप पंच म्हणताना ऐकलं आणि जे जे जाड आणि बुटकं त्याला लोक आता पंच म्हणू लागलेत. म्हणजे घोड्याचं नाव बाहुल्यावरून आलं. ट्रॅक्टर आल्यावर हे घोडे संपत आले, आता मुद्दाम जपावे लागतात. गेल्या उन्हाळ्यात एकाच्या मानेवर हात ठेवला, माझा तळवा त्या मानेवर लहान मुलाचा वाटत होता.

---

रंगमंच_मागे

आम्ही एकांकिकेत म्हणतो, 'पंच पडला नाही'. तो या बाहुल्याचा की बुक्कीचा?

---

धातुकोश

बुक्कीचा. 'पंचलाइन' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळली. शेवटची ओळ ठोसा बसावा तशी बसते म्हणून.

बाहुल्याचा वारसा पाहायचा तर 'पंच' साप्ताहिक पाहा. लंडनला १८४१ साली निघालं, मुखपृष्ठावर नाकाड्या पंच. पहिल्या संपादकांपैकी एकाचं आडनाव लेमन. लिंबाशिवाय पंच होत नाही, असा विनोद तेव्हाच झाला, म्हणजे पेय आणि बाहुला तिथे एकत्र आले. व्यंगचित्राला 'कार्टून' हा शब्दही याच साप्ताहिकाने १८४३ला रूढ केला.

आणि मग ही लाट इकडे आली. मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच' निघाला, पुढे तोच 'हिंदी पंच' झाला आणि त्यात पंचचा 'पंचोबा' झाला. लखनौला १८७७मध्ये 'अवध पंच'. ठाण्याहून मराठीत 'हिंदू पंच'. जरा विचार करा, मराठी वाचकाने ते नाव कसं वाचलं असेल? त्याला लंडनचा बाहुला कुठे माहीत होता? त्याच्या डोळ्यांपुढे गावच्या पारावर बसलेले पंच आले असणार, ज्यांच्यापुढे सावकाराला आणि पाटलालाही उभं राहावं लागे. सरकारवर टीका करणाऱ्या पत्राला याहून योग्य नाव शोधून सापडलं नसतं. इटलीतून निघालेला शब्द इथे पोचला आणि आपल्या शब्दाच्या अंगरख्यात तंतोतंत बसला.

---

वऱ्हाडी_बोल

अक्षरवेल्हाळताई, तुम्ही वर 'काठीने ढोसणे' लिहिलं. आपल्याकडे काठीनेही ढोसतात आणि दारूही ढोसतात! इंग्रजीत जे दोन घराण्यांतून आलेल्या एका स्पेलिंगने होतं, ते मराठीत एका क्रियापदाने होतं. लेकीला हे नक्की सांगा.

---

अक्षरवेल्हाळ

सांगितलं. तिने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मग बाबांना सांगायला पळाली.

सगळ्यांचे मनापासून आभार. धातुकोशदादा, 'बहुधा' लिहिलंय, खाली रेघ मारून. मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. तिने वहीत माड काढला आहे आणि वर चढणारा माणूसही.

एक राहिलं. संस्कृत 'पञ्च', ग्रीक 'पेंते', लॅटिन 'क्विंक्वे' आणि इंग्रजी 'फाइव्ह' हे चारही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, असं कोशात दिसलं. 'फिस्ट', म्हणजे मूठ, हा शब्दही पाच बोटांवरून आला असावा असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर पेयातला पाच आणि बुक्की मारणारी मूठ एकाच घरात पोचतात ना?

---

धातुकोश

मुठीपुरतं 'असावा'च. बाकी बरोबर.

---

खिळेजुळारी

धागा उशिरा पाहिला. पंचचा एक अर्थ अजून कुणी सांगितला नाही, आणि त्याच्याशिवाय आपण मराठी छापून वाचलंच नसतं.

माझे आजोबा कोल्हापूरला छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. खिळा ओतायच्या आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर उठावदार कोरावं लागतं, उलटं, आरशात दिसतं तसं. त्या कांडीला 'पंच' म्हणतात. ती कडक करायची आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, की तांब्यात अक्षर सुलटं खोल उमटतं. ती मातृका. तिच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार, पुन्हा उलटा. कागदावर दाबला की सुलटा. एक अक्षर वाचायच्या आधी तीनदा उलटसुलट होतं. रोमनला मोजकी अक्षरं पुरतात, आपल्याला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी पंच कोरावे लागले. एकेक हाताने, कानशीने, भिंगातून बघत.

हे काम आपल्या देशात करून दाखवणारा माणूस बंगालचा. १७७८ साली हुगळीला बंगाली व्याकरण छापलं गेलं, त्याचे खिळे चार्ल्स विल्किन्सबरोबर याने घडवले. पुढे तो बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यात गेला, तिथे देवनागरीचं काम त्याने आणि त्याच्या मागे त्याचा जावई मनोहर याने केलं. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली त्याच छापखान्यातून देवनागरी खिळ्यांत बाहेर पडलं. जातीने लोहार. नाव पंचानन कर्मकार. पंच कोरणाऱ्याचं नाव पंचानन! हा निव्वळ योगायोग आहे, पण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

छापखाना मोडला तेव्हा आजोबांनी भंगारातून खिळे ठेवायची एक खणांची केस घरी आणली. अजून माळ्यावर आहे. त्यात 'र' आणि 'त'चे खिळे झिजून गुळगुळीत झालेत, 'क'चा खण जवळजवळ रिकामा आहे. 'ञ'चा खण मात्र भरलेला, खिळे कोरे करकरीत. मराठीत तो लागायचाच नाही. आजोबा सांगायचे, पोथीचं काम आलं आणि कुठे 'पञ्च' छापायचं झालं, तरच त्या खणात हात जायचा.